कढईभोवतीचे मार्गदर्शन

परतताना मांसाला पाणी सुटणे हा पदार्थविज्ञानाचा विषय आहे. ते कुणामुळे सुटले हा कुटुंबव्यवस्थेचा. पेरू देशातल्या लिमा शहरात या दोन्ही शास्त्रांचा अभ्यास रविवारी दुपारी एकाच स्वयंपाकघरात होतो.

त्यातले पहिले शास्त्र सोपे आहे. बीफच्या बोटभर लांब पट्ट्या सोया सॉस, व्हिनेगर, लसूण आणि जिऱ्यात मुरवायच्या. कढई धूर येईपर्यंत तापवायची. मांस थोडे थोडे टाकायचे. सगळे एकदम टाकले तर कढई थंडावते आणि साल्तादोचा, म्हणजे या परतलेल्या मांसाचा, रस्सा होतो. मग कांदा, टोमॅटो, पिवळी मिरची, तळलेले बटाटे; शेजारी भात. कढई आमच्या चिनी पणजोबांनी आणली, बटाटे इथल्या पणजीने घातले, आणि मते दोन्हीकडून आली.

माझी वहिनी मारित्सा हिला खानावळ काढायची होती. त्यासाठी आईची रस्त्याकडची खोली हवी होती. आई म्हणाली, "आधी आम्हाला साल्तादो करून घाल. जमला तर खोली तुझी. नाहीतर तो चावीवाला दुकानासाठी कधीचा मागतोय." (मी या घरची नणंद असल्यामुळे या प्रकरणात पूर्णपणे तटस्थ आहे.)

परीक्षेच्या दिवशी स्वयंपाकघरात एक स्वयंपाकीण आणि पाच निरीक्षक होते. घरोघरचे प्रमाण साधारण एवढेच असावे.

"सोया सॉस कमी दिसतोय गं," म्हणत तेओफिलोमामांनी बाटली उपडी केली. मामा स्वतः चहासुद्धा करत नाहीत, त्यामुळे त्यांची दृष्टी अनुभवाने गढूळ झालेली नाही.

"भिंत काळी होईल पोरी," म्हणत सोइलाआत्याने आच कमी केली.

"आत्या, याला मोठीच आच लागते हो."

"मला शिकवतेस? तुझ्या नवऱ्याला लहानपणी मी भरवलंय."

(आच कमीच राहिली.)

मी फक्त एवढेच म्हणाले, की कांदा जाड आहे. तो होता.

"असं चिमूट चिमूट टाकत बसलीस तर आम्ही जेवायचं कधी?" तिचा नवरा, म्हणजे माझा भाऊ विल्मेर म्हणाला आणि त्याने वाडग्यातले सगळे मांस कढईत ओतले. कढईचा आवाज बंद पडला. कडेकडेने पाणी दिसू लागले.

"पाणी सुटलं हिच्या हातून," आत्या हळहळली.

"मी म्हणालोच होतो," मामा म्हणाले. (काय, ते कुणालाच आठवेना.)

आई चावीवाल्याचा फोन नंबर शोधू लागली.

"आई, अर्धं मांस मी फ्रीजमध्ये ठेवलंय," मारित्सा म्हणाली. "एकदा करू द्या."

"कर. पण आता तरी सगळ्यांचं ऐक."

"ऐकते," असे म्हणून तिने आम्हाला बाहेर काढले आणि आतून कडी लावली. कढई फणफणू लागली, दाराखालून धूर आला. आम्ही दाराबाहेरून मार्गदर्शन चालूच ठेवले. प्रत्येक सूचनेला आतून "हो" येत होते.

ताटे आली. पुसून रिकामी झाली.

"बघ, सोया सॉस वाढवल्यावर केवढा फरक पडला!" मामा म्हणाले. आत्याने श्रेय मंद आचेला दिले, विल्मेरने घाईला. कांदा या वेळी बारीक होता, एवढे नमूद करते.

आईने खोली दिली. अट अशी, की मार्गदर्शनाशिवाय हे जमत नाही हे सिद्ध झाल्याने ते यापुढेही घ्यावे.

मारित्सा घेते. खानावळीत स्वयंपाकघराच्या बंद दाराला लागून तिने एक लांब टेबल टाकले आहे. तिथे बसून कुणीही आत ओरडून सांगावे. मात्र पूर्ण थाळी मागवावी लागते. बाकीची टेबले अधूनमधून रिकामी असतात, हे टेबल कधीच नसते. आत्याही पैसे मोजून बसते.

मारित्साने खरे तर काय करायला हवे होते, हे तुम्हालाही मघापासून सुचलेले आहे, याची मला कल्पना आहे. जरूर या, आम्ही सरकून बसू. फक्त अर्ध्या थाळीवर मत घेतले जात नाही.