मूळ मत तात्पुरते परत मिळणेबाबत

सुवर्णकलश विद्यापीठात प्रवेश घेताना विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठातल्या आयुष्याबद्दलचं स्वतःचं मत, एवढ्या गोष्टी मूळ स्वरूपात कार्यालयात जमा कराव्या लागतात. पदवी हातात पडली की सगळं परत मिळतं. आजवर एकही मत गहाळ झालेलं नाही, असं माहितीपुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर छापलेलं आहे, आणि ते खरं आहे.

मत जमा असलेला विद्यार्थी दिसायला चारचौघांसारखाच असतो. सिनेमावर, क्रिकेटवर, आईच्या हातच्या झणझणीत आमटीवर तो तासभर बोलू शकतो. फक्त विद्यापीठाचा विषय निघाला की त्याच्या तोंडून माहिती येते. त्यामुळे आवारात शांतता असते. मोर्चा नाही, घोषणा नाही, मेसमध्ये ताट आपटणं नाही. पाहुणे येतात, बागेत फिरतात आणि वाखाणून जातात.

तेजल वाघचौरे या विद्यापीठात संगणकाच्या तिसऱ्या वर्षाला होती. गाव संगमनेर, वडिलांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. तीन वर्षांत तिला आपल्या मताची एकदाही गरज पडली नव्हती. एका गुरुवारी दुपारी धाकट्या बहिणीचा, मयूरीचा, फोन आला आणि ती गरज पडली.

मयूरी नुकतीच बारावी झाली होती. तिला सुवर्णकलशमध्ये जागा मिळाली होती आणि गावातल्या कॉलेजातही. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत एक काहीतरी पक्कं करायचं होतं.

"ताई, मेस कशी आहे गं तुमची?"

"मेस तळमजल्यावर आहे."

"अगं, जेवण कसं असतं?"

"दोन वेळा असतं. रविवारी एकदा."

"आणि सर लोक?"

"येतात."

मयूरी बारीक आवाजात म्हणाली, "ताई, तुला करमतं का तिथं?"

तेजलने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण बाहेर आलं, "होस्टेलला तीन मजले आहेत."

फोन ठेवल्यावर तेजलला चैन पडेना. मयूरी कशी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. मामाच्या गावाला गेली तरी तिसऱ्या दिवशी कुणीतरी जाऊन तिला घेऊन यावं लागे, दुसऱ्याच्या अंथरुणावर तिला झोप लागत नसे. 'तू म्हणशील तर येते, तू म्हणशील तर नाही येत,' असं तिने तेजलला सांगून टाकलं होतं आणि घरातही ते सगळ्यांना मान्य होतं. पोरीची चार वर्षं आपल्या एका शब्दावर अडली आहेत आणि तो शब्द कार्यालयात जमा आहे, या विचाराने तेजलला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती अभिलेख विभागात गेली. तिथे कुलथे भाऊसाहेब बसत. बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस, कानावर पेन, खिशात दुसरं पेन. विद्यापीठ उभं राहायच्या आधीपासून ते संस्थेत होते आणि कुणाचंही काम अडवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नियम मात्र ते मोडत नसत.

"मूळ मत असं कुणाला देता येत नाही बाळा," ते म्हणाले. "साक्षांकित प्रत देतो. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं."

प्रत म्हणजे एक कागद होता. त्यावर गोल शिक्का आणि हिरव्या शाईतली सही होती. तो हातात धरून बोलायचं, एवढंच. तेजलने तिथूनच फोन लावला.

"मेस कशी आहे?" मयूरीने पुन्हा विचारलं.

"अत्यंत उच्च दर्जाची," तेजल म्हणाली.

"सर?"

"अनुभवी व विद्यार्थिप्रिय."

मयूरीने आवाज खाली आणून विचारलं, "ताई, तुझ्या शेजारी कुणी उभं आहे का?"

तेजलने कागद खाली ठेवला. "भाऊसाहेब, हे माझं मत नाही."

"तुझं एकटीचं असं नाही. प्रती आम्ही सगळ्यांच्या एकाच मुळावरून काढतो. चार हजार मतं कोण उघडत बसणार?"

"मग साक्षांकित कशाला म्हणायचं?"

"सही खरी आहे ना," कुलथे भाऊसाहेब म्हणाले.

शनिवारी दुपारी तीनला ती पुन्हा त्यांच्यासमोर उभी राहिली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे चेहऱ्यावर दिसतच होतं. भाऊसाहेबांनी कानावरचं पेन काढलं आणि मूळ मत तात्पुरतं परत मिळण्याचा छापील अर्ज पुढे घेतला. त्यात कारणं छापलेली होती: पासपोर्ट, शिष्यवृत्ती, न्यायालयीन काम, पडताळणी. बहीण हे कारण नव्हतं.

"बहिणीला तुझ्याकडून खरं-खोटं करून घ्यायचंय, असं म्हणता येईल का?" त्यांनी विचारलं.

"येईल."

"मग पडताळणी झाली की." त्यांनी त्या कारणापुढे खूण केली. "पण इथंच, माझ्यासमोर. आणि पावणेपाचला परत कपाटात. सही कर."

चार नंबरचं कपाट आतल्या खोलीत होतं. भाऊसाहेबांनी 'व'चा कप्पा ओढायला हात घातला तेव्हा आतून कुजबूज ऐकू येत होती. कप्पा उघडताच, वर्गात सर आल्यावर होतं तसं, सगळं एकदम चिडीचूप झालं.

"उंदीर असतील असं वाटलं होतं मला," भाऊसाहेब म्हणाले. "डांबराच्या गोळ्या टाकून पाहिल्या. दुपारी जास्त आवाज असतो."

मतं लाल फडक्यांत बांधून आडनावाप्रमाणे ओळीने लावलेली होती. इतकी खेटून, की मधे बोट शिरलं नसतं. तेजलचं मत मुठीएवढं होतं आणि फडक्यातल्या भाकरीसारखं कोमट. तीन वर्षांनी पाहूनही ते आपलंच आहे याबद्दल तिला शंका वाटली नाही. ती बाकावर बसली, मत मांडीवर घेतलं, फोन स्पीकरवर टाकला. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"ताई, कसं आहे गं तिथं?"

"अंधार आहे," तेजल म्हणाली.

भाऊसाहेबांचं पेन थांबलं.

"वारा येत नाही," तेजल पुढे म्हणाली. "डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. हलायला जागा नाही. दार आपल्याला आतून उघडता येत नाही."

"अगं बाई," मयूरी म्हणाली आणि रडायला लागली. "आणि तू तीन वर्षं आम्हाला काही बोलली नाहीस!"

भाऊसाहेब उठून उभे राहिले. "एक मिनिट. हे मत प्रवेशाच्या दिवसापासून कपाटात आहे. मेस, ग्रंथालय, मैदान यातलं काहीही त्याने पाहिलेलं नाही. ते फक्त कपाटाबद्दल बोलतंय. याला विद्यापीठाबद्दलचं मत म्हणता येणार नाही."

"कपाट कुणाचं आहे भाऊसाहेब?" तेजलने विचारलं.

त्यांनी नियमावली काढली, चष्मा लावला आणि दोन पानं वाचली. आवाराच्या भिंतीच्या आतली प्रत्येक वास्तू आणि वस्तू म्हणजे विद्यापीठ, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. "ग्राह्य आहे," ते म्हणाले आणि खाली बसले. त्यांचा चेहरा पडला होता.

मयूरी रडत होती. रडता रडताच तिने विचारलं, "मग तू राहिलीस कशी गं?"

"पहिले सहा महिने मी रडतच होते," तेजल म्हणाली. आवाज तिचाच होता, पण आपण काय बोलणार हे तिला आधी कळत नव्हतं. तीसुद्धा ऐकत होती. "डावीकडे निखिल वाघ याचं मत आहे. तो परभणीचा. त्याने मला गप्प बस असं एकदाही म्हटलं नाही. तो रोज त्यांच्या घरची म्हैस आज कुणाला मारायला धावली असेल ते सांगायचा. रोज वेगळा माणूस. उजवीकडे अबोली वाघमारे. ती काहीच बोलायची नाही, नुसती टेकून बसायची. मग हळूहळू मागच्या रांगेतली ओळखीची झाली. दुपारी आम्ही गावांची नावं घेऊन भेंड्या खेळतो. परीक्षेच्या दिवसांत सगळी मुलं बाहेर घाबरलेली असतात, ते आत कळतं, तेव्हा आम्ही एकमेकांना धरून बसतो."

"म्हणजे तुला करमतं?"

"शेजार चांगला आहे," तेजल म्हणाली. "आत्ता मला बाहेर काढलंय तर डाव्या-उजव्या बाजूला गार लागतंय."

एवढं बोलल्यावर तेजलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आपली तीन वर्षं बरी गेली की नाही, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. बरी गेली होती. अंधारात, दाटीवाटीत, पण बरी गेली होती. मनावरचा दगड उतरल्यासारखं तिला वाटलं आणि ती ओढणीने नाक पुसत हसली.

मयूरीने बराच विचार केला. मग म्हणाली, "मी आले तर माझं मत कुठं ठेवतील?"

कुलथे भाऊसाहेब फोनकडे वाकले. हा त्यांच्या अखत्यारीतला प्रश्न होता. "आडनावाने लागतं. वाघचौरे तेजल, नंतर वाघचौरे मयूरी, नंतर वाघमारे. म्हणजे बहिणीच्या शेजारी. पण खोटं कशाला बोलू, तो कप्पा भरलाय. मतं दाबून बसवायला मनाई आहे. जागा नसेल त्यांची रवानगी जिमखान्यामागच्या गोदामात होते."

"तिथं शेजारी कोण असतं?"

"सध्या कुणी नाही. तुमचं पहिलंच असेल."

चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

"ताई," मयूरी म्हणाली, "काय करू?"

तेजलने मत दोन्ही हातांत घट्ट धरलं. "ये," ती म्हणाली.

पावणेपाचला मत कपाटात गेलं, नोंदवहीत सही झाली. पाचला पाच कमी असताना मयूरीने सुवर्णकलशमधली जागा पक्की केली.

त्यानंतरचे नऊ दिवस तेजलचे फार वाईट गेले. आपण 'ये' म्हणालो हे तिला आठवत होतं. का म्हणालो, ते मात्र कपाटात होतं. डोळ्यांसमोर येई ते गोदाम. तिने ते जाऊन पाहिलंही. पत्र्याचं होतं, आत फाटक्या गाद्या आणि व्हॉलीबॉलची तुटकी जाळी होती. घरच्या अंगणात झोपायला घाबरणाऱ्या पोरीचं मत चार वर्षं इथे एकटं राहणार, आणि ते आपल्यामुळे. तिने भाऊसाहेबांना दोनदा गाठलं. भाऊसाहेब म्हणाले, "बाळा, मी कप्पा वाढवू शकत नाही. बढईचा अर्ज केलाय. मंजुरी दिवाळीनंतर येईल."

सोमवारी मयूरी वडिलांबरोबर आली. वडील बाहेर ट्रंकेपाशी थांबले आणि दोघी बहिणी अभिलेख विभागात शिरल्या. गुणपत्रिका झाल्या, दाखला झाला. मग मयूरीने आपलं मत टेबलावर ठेवलं. ते ओलं होतं आणि थरथरत होतं. भाऊसाहेबांनी ते लाल फडक्यात बांधलं, सैलसर, श्वास घेता येईल असं, आणि चिठ्ठी लावली.

मत हातावेगळं झाल्यावर मयूरी शांत झाली. "ताई, मला भूक लागलीये," ती म्हणाली. फडक्याच्या आतून मुसमुसणं ऐकू येत होतं. तेजलला ते ऐकवेना.

भाऊसाहेबांनी गोदामाची किल्ली खिशात टाकली. "नियमाप्रमाणे आधी कप्पा बघावा लागतो," असं म्हणून ते आतल्या खोलीत गेले. दोघी दारात उभ्या राहिल्या. भाऊसाहेबांनी 'व'चा कप्पा ओढला आणि ते तसेच वाकून उभे राहिले.

सगळी मतं एका बाजूला दाटून बसली होती. वाघमारे, वाजे, वाणी, वारुळे, थेट शेवटच्या वैरागडेपर्यंत सगळी इतकी अंग चोरून बसली होती की फडक्यांच्या गाठी तिरक्या झाल्या होत्या. आणि वाघचौरे तेजल हिच्या उजवीकडे बरोबर मुठीएवढी जागा मोकळी होती.

"दाबून बसवलेलं नाही," भाऊसाहेब म्हणाले. "आपलं आपण बसलेत. हे चालतं."

त्यांनी मयूरीचं मत त्या जागेत ठेवलं आणि कप्पा लावला. तेजलचा जीव भांड्यात पडला. ती दारातच मटकन खाली बसली. मयूरी तिच्याकडे नवलाने बघत राहिली.

भाऊसाहेब टेबलावर आले. पावतीपुस्तक उघडलं, कानावरचं पेन हातात घेतलं, पण लिहायला लागले नाहीत. आत मुसमुसणं चालू होतं. मग कुणीतरी हळू आवाजात एका म्हशीबद्दल काहीतरी सांगायला लागलं. भाऊसाहेब थांबून राहिले. मुसमुसणं बंद झाल्यावर त्यांनी पावतीवर वेळ घातली, अकरा वाजून वीस मिनिटं, आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.