हौसाक्काचा ठरवलेला कावळा

कृष्णाकाठच्या दहिवेळ्यात दहाव्याचा कावळा माणसानं जिवंतपणीच ठरवून ठेवायचा असतो, आणि ठरवायला कावळा स्वतः घरी येतो.

रीत जुनी आहे. लाकडं, मडकं, तिरडी मागं राहिलेले बघतात, त्यात कुणाचं अडत नाही. अडतं ते कावळ्यापाशी. गेलेल्याची इच्छा राहिली असली, तर घाटावर मांडलेल्या पिंडाला कावळा शिवत नाही, आणि तो शिवेपर्यंत घरच्यांच्या तोंडात घास जात नाही. म्हणून शहाणी माणसं आपला कावळा आधीच गाठतात, त्याच्या कानावर इच्छा घालून ठेवतात आणि आगाऊ म्हणून रोज पहिल्या भाकरीचा तुकडा त्याला देत जातात. कावळे लिहून घेत नाहीत. त्यांच्या ध्यानात राहतं.

हौसाक्काचा कावळा आला तेव्हा ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तो सुपाच्या कडेवर बसला.

"वय?"

"दुष्काळातला जल्म हाय."

"कुठल्या दुष्काळातला?"

"तेवढं आई बोलली न्हाई."

"मग किती वर्षं थांबावं लागेल ते सांगता येत नाही, तरणा कावळा लागेल. मी तरणाच आहे," कावळा म्हणाला. "भाकरी कसली?"

"शाळवाची. सणाला पोळी."

कावळ्याला ते पसंत पडलं. "इच्छा?"

इथं हौसाक्काचा हात थांबला. "काय न्हाई बाबा. पोरगा मार्गाला लागला. सून गुणाची हाय, पर तिला सांगू नगंस."

"इच्छा नाही म्हणणाऱ्यांचे पिंड दिवस कलेपर्यंत पडून राहतात. आमच्याकडं तसं घेता येत नाही."

दिवस कलेपर्यंत म्हटल्यावर हौसाक्कानं हातातली शेंग सुपात टाकली. तिच्या मालकांचं, रंगरावांचं, तसंच झालं होतं. "येतोय की कावळा आपला, त्याला काय आवतण द्यायचं?" म्हणत त्यांनी कधी कावळा ठरवला नाही, आणि एका सकाळी दाढी करता करता गेले. दहाव्याला सगळं गाव घाटावर हात जोडून उभं. पोरगा म्हणाला, बैलजोडी विकणार नाही. चुलतभाऊ म्हणाला, बांध मागं सरकवतो. शेजारच्या पांडानानांनी तर नेलेला फवारणीचा पंप तिथल्या तिथं आणून पिंडापुढं ठेवला. कावळा उंबरावर बसून सगळं ऐकत होता. उतरला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं घरी गेली.

तेव्हापासून बाया तिला विहिरीवर विचारायच्या, "काय गं हौसे, मालकांचं काय राहिलं हुतं?" आणि तिला सांगता यायचं नाही. कालवणात त्यांना मीठ किती लागतं ते तिच्या हाताला ठाऊक होतं, पण ज्यासाठी कावळा अडून बसला ते ठाऊक नव्हतं. सून आली, नातवंडं झाली, विचारणाऱ्या बाया एकेक करून गेल्या, तरी तो प्रश्न कुसळासारखा रुतूनच होता.

"मग हीच माझी इच्छा लाव," ती म्हणाली. "ह्यांचं काय राहिलं हुतं, ते मला कळाय पायजे."

"हे घेता येईल. पण पुरवायची कुणी?"

"तूच की. कावळ्याचं कावळ्याला ठावं."

कावळ्यानं विचार केला. तशी वहिवाट नव्हती, पण मनाईही नव्हती.

मग तो रोज येई, भाकरी खाई आणि "चौकशी चालू आहे" एवढं सांगून जाई. सुगी संपत आली तेव्हा एका सकाळी तो आला आणि भाकरीला शिवलाच नाही.

"पत्ता लागला. त्या दिवशीचा कावळा अजून आहे. डोळ्यांनी अधू झालाय, आमराईतून हलत नाही."

"काय म्हनला?"

"आक्का, त्या दिवशी तुम्ही घाटावर काही खाल्लं होतं का?"

"खुळा का काय रं तू? कावळा शिवल्याबिगर घरधनीण जेवंल व्हय?"

"रंगरावांची इच्छा तेवढीच होती. एकदा तरी तुम्ही त्यांच्या आधी जेवावं. तो कावळा दिवसभर तुमची वाट बघत बसला, आणि तुम्ही त्याची."

हौसाक्का शेंगा फोडत राहिली. दाणे टरफलांत पडले आणि टरफलं दाण्यांत.

"म्हनायचे कवाकवा," ती म्हणाली. "म्हनायचे, जेव की गं आधी. मी म्हनायची, तव्यावरची करपंल."

"नंतर तुम्ही जेवलात का, असं म्हातारा विचारत होता."

"जेवले म्हनून सांग त्याला."

कावळ्यानं पंख सावरले. "आता तुमची इच्छा पुरी झाली. इच्छा नाही म्हणजे ठराव मोडला. खाल्लेली भाकरी परत मिळत नाही."

"थांब की, लगेच उडू नगंस. दुसरी सांगते." हौसाक्कानं पदरानं डोळे पुसले, आणि आता त्या डोळ्यांत निराळीच चमक होती. "माझ्या दहाव्याला कोन काय काय कबूल करतंय, ते समदं ऐकून घे आन् मला येऊन सांग."

"कुठं येऊन सांगू?"

"ते तू बघ. आगाऊ घेतोस न्हवं?"

कावळ्यानं मान एकीकडं कलवली, मग दुसरीकडं. "बरं. पण सगळ्यांचं ऐकून मग शिवायचं म्हणजे दुपार टळेल."

"टळू दे. अगं शालन!"

सून पिठाच्या हातांनी दारात आली.

"माझ्या दहाव्याला तुमी समदी घरनं जेवून या."

"अगं बाई! आत्याबाई, असं कुठं असतंय का?"

"त्याला इचार."

शालननं कावळ्याकडं पाहिलं. "चालेल," कावळा म्हणाला.

कावळाच हो म्हणतोय म्हटल्यावर शालन तयार झाली. तिनं हात झटकले. "मग त्या दिवशी कालवण कसलं करू?"

हौसाक्कानं कावळ्यापुढची भाकरी उचलून मोडली, पहिला तुकडा आपल्या तोंडात घातला, दुसरा त्याच्यापुढं ठेवला आणि चावता चावता विचार करू लागली. कावळा तिचा घास गिळून व्हायची वाट बघत राहिला, आणि मग शिवला.