एकुलती एक प्रत

"आत्या, सकाळी तुला दिलेलं निळं पुस्तक कुठं ठेवलंस?"

"गुंडाळून ठेव म्हणालास, गुंडाळून ठेवलं," आत्या कात्रीवरून नजर न उचलता म्हणाली. "टोपलीत."

दुकानदाराने टोपलीकडे पाहिलं. सकाळी काठोकाठ भरलेली टोपली आता निम्मी रिकामी होती.

ही टोपली म्हणजे त्याच्या दुकानाची खासियत. तिच्यात तपकिरी कागदात गुंडाळलेली पुस्तकं असत. आत कुठलं पुस्तक आहे ते गिऱ्हाइकाला कळत नसे. वर लिहिलेली एक ओळ वाचायची, तेवढ्यावर पसंत करायचं आणि उघडल्यावर जे निघेल ते गोड मानून घ्यायचं. गुंडाळायचं आणि ओळ लिहायचं काम आत्याकडे होतं. ती पुस्तक वाचत वगैरे नसे. हातात धरून वजनाचा अंदाज घ्यायची, दोनदा उलटसुलट करायची आणि ठोकून द्यायची: 'मांजर आहे, खून नाही'. किंवा: 'सर्दी झाली असता वाचावे'. आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नव्हती, याचं दुकानदाराला मनातून थोडं वाईटच वाटे.

दुकान पुस्तकांचं आहे असं पाटीवर लिहिलं होतं म्हणून तसं म्हणायचं. पुस्तकांना खेटून लोकरीचे गुंडे, गुंड्यांना खेटून हाताने बनवलेले साबण, त्यापलीकडे कुंड्या, कान तुटलेले पण देखणे कप आणि कुणीतरी 'गिऱ्हाईक मिळालं तर बघा' म्हणून ठेवून गेलेली एक शिडी. दुकानदाराला नाही म्हणता येत नसे, हे त्यामागचं एकमेव व्यापारी धोरण. त्याच धोरणाने पुढच्या दालनात विणकाम मंडळ जमे आणि मागच्या खोलीत मौन वाचनवाले. मौन वाचनवाल्यांचा नियम असा की तासभर एकत्र बसून आपापलं वाचायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आज ही दोन्ही मंडळं हजर होती, शिवाय सासूबाईंच्या पहिल्यावहिल्या कादंबरीचं प्रकाशन होतं.

सासूबाईंनी ती कादंबरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात लिहिली होती. घरच्यांना कित्येक वर्षं वाटत होतं की त्या सामानाची यादी करतात. प्रकाशनासाठी त्यांच्या मनात मोठं सभागृह होतं. जावयाच्या दुकानाला त्या दुकान म्हणतच नसत, अडगळ म्हणत. पण लेकीने फार गळ घातली तेव्हा त्या कबूल झाल्या आणि जावयाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आयुष्यात एकदाच होणारे हे, जावईबापू. माझं हसं होऊ देऊ नका." बाई एरवी जरबेने बोलायच्या. त्या दिवशी त्यांचा आवाज कापला होता, आणि तो कापलेला आवाज दुकानदाराच्या कानातून अजून जात नव्हता.

छापखान्यातून तयार होऊन एकच प्रत आली होती. बाकीच्या प्रतींच्या पाठीचा डिंक वाळायचा होता. समारंभात पाहुण्यांनी उघडायची म्हणून ती एकुलती एक प्रत नीट कागदात गुंडाळायला हवी होती. आणि गुंडाळायचं म्हटलं की आत्याच.

"पण टोपलीत कशाला टाकलीस?"

"मग कुठं टाकू? मी गुंडाळते ते टोपलीतच जातं. इतकी वर्षं जातंय, तेव्हा नाही कधी विचारलंस."

"वर काय लिहिलंस ते तरी आठवतंय का?"

"दिवसाला इतकी लिहिते, काय काय आठवू? पण पुस्तक हातात चांगलं बसत होतं, एवढं आठवतं."

गल्ल्यावर बसलेल्या बायकोचा चेहरा मात्र खुलला होता. "अहो, आज टोपली काय चाललीय! विणकामवाल्या बायकांनी एकेक उचललं. समोरच्या दातांच्या डॉक्टर आल्या होत्या, त्यांनीही एक नेलं."

"त्यातलं एक तुझ्या आईचं आहे."

बायकोचा चेहरा मिटला. मग दोघांनी मिळून टोपलीत उरलेली पुस्तकं टराटरा फाडायला सुरुवात केली. मधमाश्या निघाल्या, योगासनं निघाली, ध्रुवप्रदेशातल्या अस्वलांची दिनचर्या निघाली. निळं काही निघालं नाही. आत्या खुर्चीत ताठ बसून आपल्या श्रमांची विटंबना पाहत होती.

दुकानदार विणकाम मंडळाकडे धावला. "ताई, माफ करा, तुमची पुस्तकं जरा उघडून बघू का? एक चुकून गेलंय."

"अजिबात नाही," मंडळाच्या अध्यक्षीणबाई सुई रोखून म्हणाल्या. "माझ्यावर लिहिलंय, 'एकटं असताना उघडावे'. मी काय चारचौघांत उघडू?"

"तुम्ही उघडू नका, मी उघडतो. तुम्ही तिकडे बघा."

"तुम्ही उघडलंत की आम्हाला राहिलं काय?"

शेवटी एकेकीला एक लोकरीचा गुंडा फुकट द्यायच्या बोलीवर त्या राजी झाल्या आणि सगळ्या जणी भिंतीकडे तोंड करून बसल्या. निळं पुस्तक त्यांच्याकडेही नव्हतं. अध्यक्षीणबाईंच्या पाकिटातून पाढ्यांचं पुस्तक निघालं. एकटं असताना उघडावे ते हेच. दुकानदाराने घाईघाईने सगळं परत गुंडाळलं, आणि कुणाचं कुठलं होतं याचा घोळ घातला तो वेगळाच.

तेवढ्यात दारातून सासूबाई आल्या. नवी साडी आणि चेहऱ्यावर करडेपणा. त्यांच्या मागून प्रमुख पाहुणे आले. हे नामांकित समीक्षक. चांगल्या पुस्तकाला 'बरं' आणि बऱ्या पुस्तकाला 'असो' म्हणण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

"प्रत कुठाय?" सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला.

"आहे, आई. इथेच आहे. दुकानातच आहे," दुकानदार म्हणाला. त्या क्षणी यातलं एकच वाक्य खरं असायची आशा होती, आणि तेही कुठलं ते त्याला सांगता आलं नसतं.

बायकोने नवऱ्याला कपाटामागे ओढलं. "अहो, आधी काहीतरी देऊ त्यांच्या हातात. भाषण लांबतं त्यांचं. तेवढ्यात मी समोर डॉक्टरांकडे जाऊन येते."

म्हणून दुकानदाराने परत गुंडाळलेल्यांपैकी हाताला लागलं ते पाकीट उचललं, त्यावर सोनेरी फीत बांधली आणि तबकात ठेवलं. समीक्षकांनी खरोखरच लांब भाषण केलं. शेवटी फीत सोडली, कागद बाजूला केला आणि अशा समारंभात करतात तसं पुस्तक छातीशी धरून त्याचं मुखपृष्ठ लोकांकडे केलं. त्यांना स्वतःला ते दिसत नव्हतं. बाकी सगळ्यांना दिसत होतं. मुखपृष्ठावर एक भलामोठा पाना होता आणि खाली लिहिलं होतं: 'घरच्या घरी नळदुरुस्ती'.

"मानवी मनात खोलवर जे तुंबलेलं असतं," समीक्षक सद्गदित होऊन म्हणाले, "ते या लेखिकेने मोकळं केलं आहे."

विणकाम मंडळाने टाळ्या वाजवल्या. त्यांना ते पटलं होतं. सासूबाईंनी मात्र पान्याकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुकानदाराला वाटलं, आपण आत्ता इथल्या इथे कुंडीत शिरावं आणि वरून माती ओढून घ्यावी.

बायको धापा टाकत परत आली. तिच्या मागून गळ्यात कागदी रुमाल अडकवलेला एक गृहस्थ आला. "डॉक्टर दवाखान्यात नाहीत! ह्यांना सुई टोचली आणि 'गाल बधिर होईपर्यंत येते' म्हणून गेल्या, त्या आल्याच नाहीत. हेही त्यांनाच शोधतायत." गृहस्थांनी मान डोलावली. त्यांचा अर्धा चेहरा वैतागलेला होता आणि उरलेला अर्धा अगदी शांत.

आणि मागच्या खोलीतून कुणीतरी खदखदून हसलं.

मौन वाचनाच्या खोलीतून आजवर खोकलासुद्धा ऐकू आला नव्हता. दुकानदार आत धावला. कोपऱ्यातल्या खुर्चीत, पांढरा कोट तसाच अंगात ठेवून, दातांच्या डॉक्टर बसल्या होत्या. मांडीवर फाडलेला तपकिरी कागद होता, त्यावर आत्याच्या अक्षरात 'जेवायचे राहून जाईल' असं लिहिलेलं, आणि हातात निळं पुस्तक. त्या तोंडावर हात दाबून हसत होत्या. आजूबाजूचे मौनवाले त्यांच्याकडे नियमभंगाच्या नजरेने बघत होते.

दुकानदाराने खुणेने पुस्तक मागितलं. डॉक्टरांनी खुणेने नाही म्हटलं. त्याने हात जोडले. त्यांनी भिंतीवरच्या 'बोलू नये' या पाटीकडे बोट दाखवलं. आपण बोललोच नाही हे खुणेने कसं सांगायचं ते न सुचल्यामुळे त्याने पुस्तकाचं एक टोक धरलं. डॉक्टरांनी दुसरं टोक धरलं. दात उपटणारे हात ते, त्यापुढे दुकानदाराचा काय निभाव लागणार!

"सोडा ते, जावईबापू."

दारात सासूबाई उभ्या होत्या. मौनवाले सगळे एकदम "श्शू" म्हणाले, पण बाईंचं लक्ष नव्हतं. एक अनोळखी बाई आपलं पुस्तक सोडायला तयार नाही, हे त्या डोळे भरून बघत होत्या. घरात कुणीही पहिल्या प्रकरणापुढे गेलं नव्हतं. लेकीने 'छान आहे गं' म्हटलं होतं आणि हस्तलिखित उशीखाली ठेवलं होतं.

"किती राहिलंय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

डॉक्टरांनी मान वर न करता बोटांच्या चिमटीत उरलेली पानं धरून दाखवली.

"वाचू द्या त्यांना," सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "प्रकाशन नंतर. कुणी आवाज करायचा नाही."

मग सगळा समारंभ थांबला. बोलायला बंदी, बसून कंटाळा आलेला, आणि चहूबाजूंनी वस्तू मांडलेल्या. माणसं करणार काय? ती उठली आणि हळूच फिरून बघू लागली. एकाने साबण हुंगला, दुसऱ्याने दोन घेतले. बधिर गालाच्या गृहस्थांनी कप पसंत केला. बायकोचे हात गल्ल्यावर थांबेनात. कुणीतरी खुणेने घासाघीस करून चक्क शिडी विकत घेतली.

अखेर डॉक्टर बाहेर आल्या. डोळे पुसत होत्या, हसूनही आणि रडूनही. सासूबाई पुढे झाल्या. आपण कोण ते त्यांनी सांगितलं नाही. "कसंय हो पुस्तक?" एवढंच विचारलं.

"अहो, काय सांगू! मी पेशंट विसरले. त्यातली सासू अशी खट आहे! आणि तो जावई, बिचारा, कुणाला नाहीच म्हणत नाही. लोक तर त्याला विकायला शिड्या आणून देतात!"

दुकानदाराने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

"पण शेवट नाही हो पटला," डॉक्टर म्हणाल्या. "इतकं हसवून शेवटी त्या जावयाच्या अंगावर कपाट पाडतात! एकदम मारूनच टाकतात! दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतं."

दुकानदार नकळत कपाटापासून लांब सरकला. "आई," तो म्हणाला, "तुम्ही मला मारलंत?"

"मी नाही मारलं!" सासूबाईंचा आवाज पुन्हा तसाच कापला. "मी तुम्हाला वाचवलं होतं, जावईबापू. पाहिजे तर हस्तलिखित दाखवते. सरांनी ते वाचून शेवट बदलायला लावला, तुम्हाला मारायला लावलं."

सगळे समीक्षकांकडे वळले.

"तुमचा शेवट काय होता?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाई क्षणभर लाजल्या. "त्याचं दुकान चालायला लागतं. लोकांची रीघ लागते. आणि सासू त्याला म्हणते की माझं चुकलं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "म्हटलं, तोंडाने नाही जमत, निदान लिहून तरी म्हणावं."

"बाई, पण वाचकाला ते खरं वाटायला हवं ना," समीक्षक कळवळून म्हणाले. "असलं दुकान चालतं होय कुठं?"

त्यांच्या एका हातात कुंडी होती, दुसऱ्यात चार साबण आणि काखेत हिरव्या लोकरीचे दोन गुंडे.

"सर," गल्ल्यामागून बायको म्हणाली, "पिशवी देऊ का?"