सबनिसांची तीन कोटेशनं

आमच्या खालच्या मजल्यावरचे सबनीस तीन कोटेशनं घेतल्याशिवाय फ्लॉवरसुद्धा विकत घेत नसत. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी ब्लॉकसमोर सकाळी तीन भाजीवाले यायचे. सबनीस तिघांचे भाव कागदावर लिहून घ्यायचे, घरी जाऊन तक्ता आखायचे आणि सगळ्यांत स्वस्त निघेल त्याला 'एल-वन' ठरवायचे. तोवर एल-वनची गाडी पुढच्या सेक्टरात पोचलेली असायची. मग सबनिसांकडे पिठलं व्हायचं. बायको, मालतीबाई, गेल्यापासून त्यांच्याकडे आठवड्यातून चारदा तरी पिठलं असे.

माणसाची सगळी हयात एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात गेली होती. पंखे, खुर्च्या, फायली बांधायच्या नाड्या, जे काय सरकारला लागेल त्याची टेंडरं हे काढायचे. परदेशी कंपन्या नुकत्याच दिल्लीत यायला लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. एक टायवाला साहेब चकचकीत लखोटा घेऊन तीन वाजून दोन मिनिटांनी आला. मुदत तीनची. सबनिसांनी लखोटा न उघडता परत केला, साहेबाला गार पाणी दिलं आणि गेटपर्यंत पोचवायलाही गेले. "माणूस सज्जन होता हो वहिनी," मला म्हणाले, "फक्त उशिरा आला."

एका वर्षी आमच्या मंडळाने गणपतीच्या मोदकांचं काम सबनिसांकडे दिलं. आता मोदक म्हटल्यावर जोशीकाकूंना सांगायचं की झालं! पण नाही. यांनी नोटीस लावली, लखोटे मागवले. लखोटा आला एकच, जोशीकाकूंचाच. एकच लखोटा म्हणजे स्पर्धा झाली नाही, असं म्हणून यांनी दुसऱ्यांदा नोटीस लावली. दुसऱ्या नोटिशीची मुदत संपली त्याच्या आदल्या दिवशी विसर्जन झालं. त्या साली बाप्पाने शेजारच्या मुनिरक्याच्या हलवायाची बुंदी खाल्ली. जोशीकाकू पुढे दोन वर्षं सबनिसांशी बोलल्या नाहीत. सबनिसांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण फाइल चोख होती.

रिटायर झाल्यावर त्यांनी रविवारी फुकट शिकवणी सुरू केली. ओखल्याचे, फरिदाबादचे छोटे कारखानदार, ज्यांची टेंडरं यांनी एके काळी बाद केली होती, तेच बिचारे जमिनीवर मांडी घालून बसायचे. जिन्यात सगळं ऐकू यायचं. 'पहले शर्तें पढ़ो' हे दर पाच मिनिटांनी. प्रत्येक पानावर सही करा, जेवढं विचारलंय तेवढंच लिहा, आणि कुणी मागितल्याशिवाय ऑफर घेऊन कुणाच्या दारात उभे राहू नका. त्याने काम मिळत नाही आणि मानही जातो, असं ते बजावायचे. कुणी पेढे आणले तर पुडा न सोडता परत. माझ्या पुतण्याच्या लग्नात नवरदेवाच्या कानातसुद्धा "आधी अटी वाचल्यास ना?" असं विचारून आले होते.

असं सगळं चाललं होतं. मग क्वार्टर सोडायची वेळ आली. रिटायर झाल्यावर सरकार काही महिनेच राहू देतं, आणि ते महिने संपत आले होते.

मला काही काळजी नव्हती. सबनिसांचा एकुलता एक मुलगा अजय, कंपनीत चांगल्या नोकरीला, नोएडात नवाकोरा फ्लॅट घेतलेला, पाच वर्षांची गोड मुलगी. सबनीस जाणार तिकडेच, दुसरं कुठे? पण एक दिवस डाळीची वाटी द्यायला खाली गेले तर हे टेबलाशी तक्ता आखत बसलेले. मुनिरक्यातल्या भाड्याच्या तीन खोल्या. कुठे पाणी किती वेळ, कुठे जिना किती पायऱ्यांचा, सगळं रकान्यांत. मुनिरक्यात म्हणजे स्पर्धा परीक्षांना बसलेल्या पोरांच्या घोळक्यात हा म्हातारा राहणार! मी बोलायला तोंड उघडलं आणि तक्त्याच्या पहिल्या ओळीवर नजर गेली. तिथे लिहिलं होतं, 'चि. अजय, नोएडा.' पुढचे सगळे रकाने कोरे. शेवटी शाईने, सुवाच्य अक्षरात, 'प्रस्ताव प्राप्त नाही.'

मी विचारलं, "अहो, मुलाला विचारलंत का?"

"मागितल्याशिवाय जायचं नसतं, वहिनी," ते म्हणाले आणि डाळीची वाटी तक्त्यापासून लांब ठेवली.

वर येऊन मी अजयला फोन लावला आणि चांगली हजेरी घेतली. तो बिचारा चकितच झाला. "आंटी, त्यात विचारायचं काय? बाबांची खोली तर रेडी आहे. मीच वाट बघतोय, ते कधी बोलतात." दोघेही एकाच माळेचे मणी. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या वडिलांना कळेल त्या भाषेत लिही.

चौथ्या दिवशी सबनीस कागद घेऊन वर आले. चष्मा कपाळावर, चेहरा फाइल बिघडल्यासारखा. मी वाचलं. नोएडातल्या एका घरासाठी एक आजोबा पाहिजेत. उमेदवार खरेदी विभागातून निवृत्त असावा. पिठल्याचा अनुभव आवश्यक. नातीला मराठीत पाढे शिकवता यावेत, कारण घरात दुसऱ्या कुणाला येत नाहीत. मालतीबाईंचा तुळशीचा गमला सोबत आणणं बंधनकारक. कुंडी हा शब्द पोराला आठवला नसणार. मुदत, रविवार दुपारी तीन.

"या अटी एकाच माणसाला बसतील अशा लिहिल्यात," सबनीस म्हणाले. "असलं टेंडर तीस वर्षांत मी एकदाही पास केलं नाही."

"मग आता?"

त्यांनी चष्मा पुसला, डोळेही पुसले. "थोडा डिंक मिळेल का?" म्हणाले.

रविवारी तीनसाठी सबनीस सकाळी नऊलाच निघाले, एका हातात लखोटा, दुसऱ्या हातात तुळस. नोएडाला बस दोनदा बदलावी लागते. लखोट्यात काय होतं ते अजयने मला नंतर सांगितलं. सगळ्या अटी मान्य होत्या, प्रत्येक पानावर सही होती. फक्त खाली एक दुरुस्ती सुचवली होती: सकाळचा पहिला चहा मी करीन, तुम्ही झोपा.

मुलाने उघडून पाहिलं तेव्हा पावणेबारा वाजले होते. मुदतीच्या आधी लखोटा उघडायचा नसतो, असं सबनीस त्याला म्हणाले नाहीत.