सतरा वेळा धुतलेला व्हिडिओ

मन्मथआप्पांना मोबाइलवरचा कुठलाही व्हिडिओ दाखवा, ते आधी खिशातून भिंग काढतात. कापडाचे धागे मोजायचं, पितळी कडीचं, त्यांच्या वडिलांच्या वेळचं भिंग. ते पडद्यावर टेकवायचं, एक डोळा मिटायचा, श्वास रोखायचा आणि निकाल द्यायचा, "फुटलंय."

मग समोर पुतण्याचं लग्न असो की कुणाच्या घराची वास्तुशांत. आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा मोठ्या कौतुकानं नात नाचतानाचा व्हिडिओ पुढे केला. आप्पांनी भिंग लावलं. "लेकरू ग्वाड हाय," ते म्हणाले, "पण पोत न्हाई. हे बगा, नाक आन गाल येकच झालंय." त्यानंतर महिनाभर मुख्याध्यापक आप्पांच्या दुकानासमोरून जायचं टाळून मागच्या गल्लीनं शाळेत येत होते.

पालमच्या बाजारपेठेत आप्पांचं कापडाचं दुकान आहे आणि दुकानाच्या माडीवर मी भाड्यानं राहतो. माझं घर जिंतूरला. बायको तिथल्या शाळेत, मी इथल्या. शनिवारी दुपारी एसटी धरायची, सोमवारी पहाटे परत. मी शिकवतो मराठी. पण एकदा शाळेतला अडून बसलेला कॉम्प्युटर मी बटण बंद करून पुन्हा चालू केला, तो खरोखरच चालू झाला, आणि तेव्हापासून गावात मी 'कॉम्प्युटरचे सर' झालो. फुकटची कीर्ती नाकारायला मोठं मन लागतं. ते माझ्याकडे नाही.

त्यामुळे गेल्या वर्षभर शाळेतून येऊन मी चप्पल काढतो न काढतो तोच खालून हाक यायची, "सर, जरा खाली या. पुन्हा फुटलं!"

प्रकार असा होता. आप्पांकडे मुलानं मागे ठेवलेला एक जुना लॅपटॉप होता. त्यात व्हिडिओ जोडायचा-कापायचा एक फुकटातला प्रोग्राम. आप्पा त्यात एक व्हिडिओ घालून बसायचे. प्रोग्रामच्या छोट्या खिडकीत तो बरा दिसायचा. पण 'एक्स्पोर्ट' दाबून त्याची वेगळी फाइल काढली की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे.

"आत बगा कसं घडीच्या लुगड्यासारखं हाय," आप्पा बोट दाखवायचे. "भाईर काढलं की फाटकं बोंदरं! कामून?"

कामून, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण कॉम्प्युटरच्या सरांनी गप्प बसून कसं चालेल? मी म्हणालो, रिझोल्यूशन वाढवा. आप्पांनी यादीतला सगळ्यात मोठा आकडा निवडला. लॅपटॉप एवढा तापला की त्यावर हात ठेववेना. फाइल निघाली ती भलीमोठी, आणि चित्र होतं तसंच. आप्पांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "आता मोठ्या पन्ह्याचं बोंदरं झालं." मी म्हणालो, बिटरेट वाढवा. वाढवला. फुटलं. चित्राभोवतीची झेंडूची चौकट काढा म्हणालो. काढली. तरी फुटलं. प्रत्येक उपायाची आप्पा एक चिठ्ठी लिहायचे आणि टाचणीनं समोरच्या कापडाच्या ताग्याला लावायचे. शर्टाचं कापड बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला निळ्या ताग्यावर 'बिटरेट दुप्पट - फुटलं' अशी चिठ्ठी दिसायची आणि तो बिचारा ते कापड बाजूला सारायचा.

मग आप्पांनी स्वतःचे उपाय सुरू केले. एक्स्पोर्ट सुरू असताना दुकानातले पंखे बंद ठेवायचे, म्हणजे सगळी वीज लॅपटॉपला मिळेल. आंघोळ करून, कपाळाला विभूती लावूनच बटण दाबायचं. आणि शंभर टक्के होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. एकदा एक बाई खण घ्यायला आल्या तेव्हा गाडी बासष्टवर होती. आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. पंखे बंद, आप्पा मांडी घालून, डोळे पडद्यावर. बाईंना वाटलं, घरात काही तरी झालंय. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून बसून राहिल्या. नव्वदला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हसू नका. मी हसत होतो, म्हणून सांगतो.

हा सगळा खटाटोप अठ्ठेचाळीस सेकंदांसाठी होता. सुभद्राकाकू, आप्पांची बायको, साड्यांच्या बाजूला बसायच्या. साडी हातात धरून दाखवणं त्यांना पटायचं नाही. उठून स्वतःच्या खांद्यावर पदर टाकायच्या आणि गिऱ्हाइकासमोर वळून दाखवायच्या. त्या जायच्या काही महिने आधी मुलगा महेश दिवाळीला आला होता, आणि दुकानाची जाहिरात म्हणून त्यानं मोबाइलवर त्यांचा तसा व्हिडिओ काढला. अंजिरी रंगाची इरकल खांद्यावर टाकून काकू दोन शब्द बोलतात, एवढंच. त्यांचं हलतं-बोलतं असं दुसरं काहीच नाही. फोटो आहेत. पण फोटोतल्या सगळ्या काकू आधार कार्डावर बघावं तशा बघतात.

"मला तिचा चेहरा पायजे सर," आप्पा एकदा म्हणाले. "दुसरं कायबी न्हाई. रोज आठवतो, आन रोज थोडा कमी आठवायलाय."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझ्या आईचा तर एकच फोटो आहे, रेशन कार्डावरचा, तोही अर्ध्या शिक्क्याखाली. तिचा आवाज कसा होता ते मला आता सांगता येत नाही. तेव्हापासून मी आप्पांची थट्टा मनातल्या मनात ठेवू लागलो आणि काम जरा नीट बघू लागलो.

नीट बघितल्यावर दिसलं की गोष्ट एक्स्पोर्टची नव्हतीच. जी मूळ फाइल आप्पा प्रोग्राममध्ये घालत होते, तीच इवलीशी होती. मी विचारलं, "आप्पा, महेशनं पाठवलेला पहिला व्हिडिओ कुठंय?"

"हाच की."

"हा नाही. पहिला."

मग उलगडा झाला. एक्स्पोर्ट करून नवा व्हिडिओ निघाला की आप्पा मोबाइलवर बघता यावा म्हणून तो घरच्या ग्रुपवर टाकायचे. ग्रुपमध्ये तिघंच, आप्पा, काकू आणि महेश. काकूंचा फोन बंद होऊन कपाटात पडलेला, त्यामुळे पाठवलेल्या प्रत्येक व्हिडिओखाली एकच खूण यायची, दुसरी कधी आलीच नाही. आणि सोमवारी आप्पांची झाडलोट. महादेवाचा वार, दुकान झाडायचं, जुना माल काढायचा. तसाच फोन आणि लॅपटॉपही झाडायचा. ताजा तेवढा ठेवायचा, जुना पुसायचा. पुढच्या खेपेला ग्रुपवरचा तो ताजा व्हिडिओ उतरवून घ्यायचा आणि त्याच्यावर नवा उपाय करायचा. ग्रुपवर टाकताना व्हिडिओ दाबून लहान होतो. बाहेर काढताना पुन्हा थोडा झिजतो. म्हणजे दर वेळी कालच्या झिजलेल्यालाच आज धुवायचं.

मी ताग्यांवरच्या चिठ्ठ्या मोजल्या. सतरा होत्या.

हे सांगायचं कसं? मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. शेवटी त्यांच्याच भाषेत म्हणालो, "आप्पा, हे कापड सतरा वेळा धुतलंय."

त्यांना एका वाक्यात कळलं. आयुष्य कापडात गेलेलं. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि त्यावर दोन्ही तळवे ठेवले. "मजी मीच धुऊ धुऊ पुसून टाकली की तिला," ते म्हणाले.

मी म्हणालो, तसं नाही. पण तसंच होतं.

"महेशच्या फोनमध्ये असेल की," मी म्हणालो. "त्याला विचारा."

इथं घोडं अडलं. काकूंचे दिवस झाल्यावर महेश पुण्याला निघताना म्हणाला होता, आप्पा, आता दुकान बंद करा, माझ्याकडे चला. आप्पा म्हणाले होते, दुकान बंद कर मनायचं आसंल तर पुन्हा तोंड दाखवू नको. पोरगा बापावर गेलेला, शब्दाला पक्का. त्यानं दाखवलं नाही. सणासुदीला सूनबाईचा फोन यायचा, "शरणार्थ मामाजी, बरं आहे का," आणि आप्पा "बरं हाय" म्हणून ठेवून द्यायचे.

"मी लावून देऊ फोन?" मी विचारलं.

"नगं."

"अहो, त्याच्याकडं नक्की असेल."

"आन नसंल तर?" आप्पा एकदम चिडून म्हणाले. "त्यानं फोन बदलला आसंल, पुसला आसंल, तर? सर, इचारलं न्हाई तवर ते हाय."

आठवडाभर खालून मला हाक आली नाही. पंखे दिवसभर चालू. आप्पा गिऱ्हाइकाला मुकाट्यानं कापड फाडून द्यायचे. त्या शांततेनं मी इतका बेजार झालो की गुरुवारी स्वतःच खाली उतरलो, त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "आप्पा, आज तुम्ही फोन लावल्याशिवाय मी उठणार नाही. गादीवरच झोपेन." मी मुळात भित्रा माणूस आहे. हे बोलून मला घाम आला.

आप्पांनी नंबर लावला आणि फोन माझ्या हातात कोंबला. मी तो स्पीकरवर टाकून गादीवर ठेवला.

"हॅलो? आप्पा?"

आप्पांनी घसा खाकरला.

"आप्पा, तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय," आप्पा म्हणाले. मग एका दमात, "तुझ्या आईचा त्यो व्हिडिओ. इरकलीचा. हाय का रं तुझ्यापशी?"

आप्पांनी माझा दंड धरून ठेवला होता.

"हाय की," महेश म्हणाला. "कोणता पायजे? सहा हायेत. तिला हसू यायचं म्हणून पुन्हा पुन्हा काढला होता. शेवटचा तेवढा पाठवला होता तुमाला." मग त्याचा आवाज बदलला. "तुमी ग्रुपवर टाकायलात ते समदे मिळाले मला. दर खेपेला आई आनखी पुसट. मी वाट बगायलो होतो, खाली कायतरी लिवताव का म्हणून."

"मला काय लिवाव ते सुचत न्हवतं," आप्पा म्हणाले.

"मी देतो ते सहाही."

"कशानं देतूस? पाठवलं की फुटतंय ते."

"हो, फुटतंय," महेश म्हणाला. "म्हणून मी घेऊनच येतो. शनिवारी."

आता एक कबुली देतो. व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवला की अजिबात फुटत नाही, दोन मिनिटांत जसाच्या तसा पोचतो. एवढं मला ठाऊक होतं. महेश तर कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे, त्याला माझ्या दसपट ठाऊक. तो बोलला नाही. मीही बोललो नाही. वर्षभरात मी आप्पांना दिलेल्या सल्ल्यांत हा न दिलेला सल्ला तेवढा बरोबर होता.

शनिवारी महेश आला, आणि मी जिंतूरची एसटी सोडली. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. बाप-लेक शेजारी शेजारी बसले होते, मध्ये हातभर जागा सोडून. महेशनं लॅपटॉप गादीवर ठेवला आणि पहिला तुकडा लावला.

काकू आल्या. खरोखरच आल्या. इरकलीच्या काठाचा धागा न् धागा दिसत होता, कपाळावरची विभूती, कानामागे सुटलेली एक बट, डाव्या भुवईजवळची जखमेची जुनी खूण. त्या "हा रंग" म्हणाल्या आणि हसत सुटल्या. तुकडा संपला. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच. आप्पा पडद्याकडे असे बघत होते की मला तिथं बसायची लाज वाटू लागली, पण उठवतही नव्हतं.

चौथ्या तुकड्यात काकू वैतागल्या. त्या मोबाइलच्या बाजूला, तेव्हा आप्पा जिथं उभे असतील तिथं बघून म्हणाल्या, "आवं, तुमी तिकडं तोंड करा बरं. तुमच्याकडं बगितलं की मला हसू यायलंय."

"बरं बरं," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

महेशनं माझ्याकडे पाहिलं. मग पाचवा तुकडा लावला, त्यातही काकू हसल्या. मग सहावा. आप्पा पाठमोरेच होते, मान खाली घालून, ताग्यांकडे बघत. मागे काकू पहिल्यांदाच न हसता सगळं वाक्य बोलल्या, "हा रंग काळीलाबी खुलून दिसतो आन गोरीलाबी खुलून दिसतो."

तुकडा संपला.

"आता बगू का?" आप्पांनी विचारलं.