वाघमारे साहेब आणि लेकीचं मोठं गिऱ्हाईक

वर्तमानपत्रात फोटो आला की तुम्ही-आम्ही माणसं बघतो. आमचे शेजारी वाघमारे साहेब भिंत बघतात. सत्कार कुणाचा, गुच्छ कुणी दिला, पुढाऱ्याच्या खांद्याआडून डोकावणारा तो कोण, यातलं काहीही त्यांना नको असतं. चष्मा कपाळावर सरकवून, पेपर नाकाला लावून ते पाहुण्यांच्या डोक्यामागचं कॅलेंडर तपासतात. मग 'हं' करून पेपर मला परत देतात. पेपर माझा असतो, हे सांगायचं राहिलं.

धायरीतल्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार बरोबर आमच्या दारासमोर. विक्रीकर खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. दुकानदारांच्या गोड बोलण्यावर विश्वास न ठेवण्याचाच आयुष्यभर पगार घेतल्यामुळे ती सवय काही सुटली नाही. कुणी काहीही सांगो, साहेबांचा पहिला शब्द 'पुरावा?' माझी बायको एकदा सहज म्हणाली, "आज आमटी छान झालीय." साहेबांनी 'पुरावा?' विचारलं आणि वाटीभर पुरावा घेऊन गेले.

हे भिंत बघणं मात्र प्रज्ञामुळे सुरू झालं. प्रज्ञा त्यांची एकुलती एक लेक. हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, चांगल्या मोठ्या हुद्द्यावर. राहतेही तिकडेच, कारण धायरी ते हडपसर रोज जाऊन-येऊन करणं ही स्वतंत्र नोकरी आहे. वहिनी गेल्यापासून साहेब इथे एकटेच असतात. प्रज्ञा रविवारी येते, जेवते, झोपते आणि संध्याकाळी जाते. साहेब ती झोपलेली असताना पंखा जपून लावतात आणि आम्हाला बेल वाजवू देत नाहीत.

अशाच एका रविवारी मी तिथे बसलेला असताना त्यांनी तिला विचारलं, "प्रज्ञा, तू हे जे करतेस ते नेमकं कुणासाठी?"

"बाबा, क्लायंटची नावं नाही सांगता येत. तसा करारच असतो."

"मलाही नाही?"

"उद्या धाड कुठे आहे, हे तुम्ही आईला कधी सांगितलंत?"

ती आत गेल्यावर साहेब माझ्याकडे वळून, छाती जरा पुढे काढून म्हणाले, "बघितलंत कुलकर्णी? नियम म्हणजे नियम. पोरगी माझीच आहे."

पण तोंडावर टाकलेला नकार आणि तोही आपल्याच शस्त्राने! अधिकारी माणसाला झोप कशी लागणार? त्यात सोसायटीच्या सभेत कुणीतरी विचारलं, "तुमची मुलगी काय करते हो?" साहेब म्हणाले, "गोपनीय आहे." तेव्हापासून तळमजल्यावरचे जोशी प्रज्ञा दिसली की आवाज खाली आणून बोलतात. त्यांची खात्री आहे की ती देशासाठी काहीतरी करते.

साहेबांनी मग स्वतःच शोधायचं ठरवलं. मात्र आधी नियम घातले. प्रज्ञाला विचारायचं नाही. तिच्या लॅपटॉपकडे बघायचं नाही. तिला कामाचा फोन आला तर उठून गॅलरीत जायचं, मग बाहेर ऊन असो की डास. "आतलं मला काही नको," ते म्हणाले. "चव्हाट्यावर आहे तेवढंच. जे कुणालाही बघता येतं, तेच मी बघणार."

"पण सगळी गिऱ्हाईकं शोधायला जन्म जाईल," मी म्हणालो.

"सगळी कशाला? मोठं शोधायचं. कुठलंही दुकान घ्या, दोन-तीन गिऱ्हाइकांवर उभं असतं, बाकीची नुसती येऊन-जाऊन. मोठं सापडलं की माझ्या पोरीचे दिवस कुठे जातात, ते सापडलं."

धाडीला पंच लागतात, म्हणून मी आणि माझी बायको पंच झालो. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर साहेबांचं वाचन वाढलं. कंपनीच्या संकेतस्थळावर नुसतंच 'अग्रगण्य उद्योगसमूह आमच्यावर विश्वास ठेवतात' असं होतं. ते वाचून साहेब इतक्या तुच्छतेने हसले की मला त्या उद्योगसमूहांची दया आली. मग ते नोकरीच्या जाहिराती वाचू लागले. या वयात नोकरी शोधताहेत म्हणून जोशींना काळजी वाटली. पण साहेबांचा मुद्दा सरळ होता. विकणारा गिऱ्हाइकाचं नाव लपवतो. गिऱ्हाइकाला माणूस हवा असला की ते मात्र बिनदिक्कत छापतं, 'अमुक सॉफ्टवेअर येणाऱ्यास प्राधान्य'. शिवाय संस्थांचे वार्षिक अहवाल असतात, निविदांचे निकाल असतात. लग्नात लोक पंगतीची वाट बघतात तशी साहेब अहवालांची वाट बघायचे.

आणि कॅलेंडर. प्रज्ञाची कंपनी दर वर्षी स्वतःचं कॅलेंडर काढते, कोपऱ्यात निळा पतंग असलेलं. ते बाजारात मिळत नाही. म्हणजे ज्याच्या भिंतीवर निळा पतंग, तो कंपनीचं गिऱ्हाईक. असा हा भिंत बघण्यामागचा शास्त्राधार.

एक दिवस सकाळी साहेब पेपर फडकवत आले. मार्केट यार्डातल्या गुळाच्या एका व्यापाऱ्याचा त्याच्या पेढीतच सत्कार झाला होता आणि त्याच्या फेट्यामागे निळा पतंग स्पष्ट दिसत होता.

"गुळाचा व्यापारी? सॉफ्टवेअर कंपनीचं मोठं गिऱ्हाईक?" मी म्हणालो.

"वरून साधे दिसणारेच आतून मोठे असतात. माझा अनुभव आहे. चला, पंच."

गेलो. रिक्षाचे पैसे मी दिले, कारण साहेब 'सरकारी कामात' होते. पेढीवर शेलार शेठ गल्ल्यावर बसलेले. साहेबांना बघताच उठून उभे राहिले. साहेब थेट भिंतीपाशी गेले आणि कॅलेंडरवर बोट ठेवून जुन्या आवाजात म्हणाले, "हे तुमच्याकडे कुठून आलं?"

शेठ गोंधळले. "आवो सायेब, ह्ये तर तुमीच दिलं न्हवं का संक्रांतीला? गूळ न्यायला आला व्हता तवा. म्हनला, पोरीनं दोन आनलीत, एक तुमाला घ्या."

मी छताकडे बघितलं. खात्याच्या इतिहासात अधिकाऱ्याने स्वतःच ठेवलेला माल स्वतःच जप्त केल्याचं उदाहरण नसावं. साहेब शांतपणे म्हणाले, "बरोबर. जबाब जुळतोय."

शेठनी चहा मागवला. बोलता बोलता म्हणाले, "सायबांचं वडील, आण्णा, आमच्याच पेढीवर हमाल व्हते, माझ्या वडलांच्या टायमाला. असा मानूस झाला न्हाई." हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून कधी विचारलंही नव्हतं.

बाहेर पडल्यावर मी रिक्षाला हात केला, पण साहेब हलेनात. समोर एक हमाल पाठीवर पोतं घेऊन फळीवरून टेम्पोत चढत होता, त्याच्याकडे बघत होते.

"सुट्टीच्या दिवशी अण्णा मला फिरवायला न्यायचे," ते म्हणाले. "बागेत वगैरे नाही. पेठांमधून, दुकानं बघत. एखाद्या वाण्याच्या दुकानासमोर थांबायचे, पायरीच्या खालीच, आणि बोट दाखवायचे. 'ती ढेप दिसती का? माझ्या पाठीवरनं आली.' पायरी कधी चढले नाहीत. मी म्हणायचो, जवळून बघू या. तर म्हणायचे, आपलं आत काय काम? पण बोट असं दाखवायचे कुलकर्णी, की मला वाटायचं हे सगळं शहर माझ्या बापाने उचलून आणलंय."

मी हात केलेली रिक्षा जाऊ दिली.

"मी नोकरी चोख केली. पण पोरीला बोट दाखवावं असं माझ्याकडे काय होतं? दंडाच्या नोटिसा? आणि आता ती एवढं करते, दिवस-दिवस राबते, ते आहे कुठे? मी बोट कुठे दाखवू?"

चेष्टा करायची माझी सवय जुनी आहे. त्या दिवशी मात्र परतीच्या रिक्षाचे पैसेही मी न कुरकुरता दिले. मला या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि असा माणूस समोरच्या दारात राहतो म्हणून थोडा स्वतःचाही.

कॅलेंडर बाद झालं, पण साहेब खचले नाहीत. काही दिवसांनी ते आमच्या टीव्हीसमोर येऊन बसले. कंपनीच्या वर्धापनदिनाचा सोहळा कंपनीनेच इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकला होता. साहेबांनी आधी आवाज बंद करायला लावला.

"अहो, भाषणं?" माझी बायको म्हणाली.

"भाषणात सगळेच थापा मारतात, वहिनी. शाल थाप मारत नाही. पुण्यातला कार्यक्रम आहे. मधली खुर्ची कुणाला आणि पहिली शाल कुणाला, यावर बैठकांवर बैठका झाल्या असतील. रुसवेफुगवे झाले असतील. बघा आता."

बघितलं. मधल्या खुर्चीवर एका मोठ्या दूध संघाचे अध्यक्ष होते. पहिली शाल त्यांना, तीही जरीकाठी. बाकीच्यांना साध्या. नारळसुद्धा त्यांचाच मोठा होता, असं साहेबांचं म्हणणं. तो पुरावा मी पंच या नात्याने ग्राह्य धरला नाही.

"म्हणून काय तेच मोठं गिऱ्हाईक?" बायको म्हणाली. "मालकाचे मामेसासरे असतील. पुरावा?"

साहेबांचा चेहरा असा खुलला की जणू जन्मभर ते याच प्रश्नाची वाट बघत होते. एकटी शाल पुरत नाही, हे त्यांना कळत होतंच. त्यांनी दूध संघाची नोकरीची जाहिरात दाखवली. तीत प्रज्ञाच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचं नाव स्वच्छ छापलेलं होतं. मग संघाचा वार्षिक अहवाल दाखवला. गावोगावच्या संकलन केंद्रापासून पिशवी भरून तिच्यावर तारीख छापेपर्यंतचं सगळं काम आता त्याच सॉफ्टवेअरवर चालतं, असं त्यात होतं. एवढा कारभार दुसऱ्या कुठल्याच गिऱ्हाइकाचा त्यांना सापडला नव्हता.

"म्हणजे रोज सकाळी," साहेब म्हणाले आणि थांबले. आमच्या ओट्यावर त्याच संघाची पिशवी होती. आम्ही वर्षानुवर्षं तेच दूध घेतो.

"आता प्रज्ञाला सांगा," बायको म्हणाली.

"अजिबात नाही! तिने नियम पाळलाय. बापाने शोधून काढलं म्हटल्यावर तिला उगाच चुकल्यासारखं वाटेल. तुम्हा दोघांना शपथ आहे."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दूध बदललं. धायरी गावातल्या गवळ्याचं म्हशीचं दूध ते घेत. भाकरीसारखी साय यायची त्यावर. गवळी दारात उभा राहून विचारत होता, "काय चुकलं का सायेब?" साहेब म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही," आणि त्याचं नुकसान नको म्हणून त्याचा रतीब माझ्या घरी लावून टाकला. आम्ही सायीने वाढतो आहोत. साहेब पिशवीतल्या दुधाचा पातळ चहा पितात आणि पाहुण्यांना आग्रह करकरून पाजतात.

त्यानंतरच्या रविवारी प्रज्ञाने चहा करायला फ्रिज उघडला. मी होतोच. पिशवी हातात घेऊन ती जरा थांबली.

"बाबा, हे दूध कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"तुम्हाला तर पिशवीचं आवडत नाही."

"आता आवडतं."

"का?"

साहेब पेपरमागून म्हणाले, "चव्हाट्यावर मिळतं."

प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. मी शपथ घेतलेला माणूस, पंख्याकडे बघू लागलो. तिने चहा केला, कप आणून ठेवले आणि बापाच्या शेजारी येऊन बसली. एरवी ती समोर बसते. मग रिकामी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवत हळूच म्हणाली, "बाबा, दूध घेताना तारीख बघत जा. यांच्या पिशवीवरची तारीख कधी चुकत नाही."

एवढंच बोलली. करार मोडला नाही, नाव घेतलं नाही. साहेबांनी पेपर बाजूला ठेवला. पिशवी माझ्यासमोर धरली. आवाज जुना, खात्यातला.

"कुलकर्णी, पंच आहात. नीट बघा."

आणि त्यांनी त्या बारीकशा छापील तारखेवर बोट ठेवलं. लांबून नाही, पायरीच्या खालून नाही. चांगलं टेकवून ठेवलं, आणि चहा निवला तरी उचललं नाही.