आम्ही इथे नाहीच!

सरांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी शिवण-केंद्रातल्या बायकांकडून पाठ करून घेतला होता. "आम्ही इथे नाहीच असं समजायचं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, आमच्याशी बोलायचं नाही. आम्ही पडलो, धडपडलो, तरी तुमचं काम चालू!"

सर माहितीपट करायचे आणि कॉलेजात तेच शिकवायचे. यंदा विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी या केंद्रावर फिल्म करायला घेतली होती. "फिल्म आपली नाही, या बायकांची आहे," असं ते रोज बजावत आणि लगेच बायकांनी कुठे, कसं बसायचं तेही सांगत.

बायका गुणी. आठवड्याभरात त्या सरांकडे अशा दुर्लक्ष करू लागल्या, की घरी नवऱ्यांकडेही इतकं जमलं नसेल. विद्यार्थ्यांचं मात्र कच्चं होतं. म्हणून सर एकदा मुद्दाम धाडकन पडले. कॅमेरावाली पोरगी कॅमेरा सोडून धावली, तर जमिनीवर पडल्या पडल्याच त्यांनी तिची हजेरी घेतली. "मी मेलो तरी कॅमेरा बंद करायचा नाही!" 'कट' हा शब्दही त्यांनी हद्दपार केला होता. म्हणे, आयुष्याला कट नसतो.

नियमात बसेना ती फक्त काजं करणारी मावशी. कॅमेरा समोर आला की ती थेट भिंगात बघून विचारायची, "बाळा, काही खाल्लंस का?" शेवटी सरांनी तिला बाहेर ओट्यावर बसवलं. "तिथे उजेड चांगला आहे, मावशी." कॅमेरा तिथे पोचत नव्हता, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी सरांना लवकर निघायचं होतं. मुलीचं शाळेत नाटक होतं. ती झाड होणार होती आणि झाडाला एक वाक्य होतं. याआधीच्या प्रत्येक कार्यक्रमाला सर शूटिंगमध्ये अडकले होते. सकाळी ती रुसली नाही, रडली नाही. नुसतं म्हणाली, "नाही आलात तरी चालेल, बाबा. मला सवय आहे." ते सरांच्या काळजात रुतून बसलं होतं.

तरी खोड जाते कुठे! निघता निघता वरून एक शॉट कसा दिसेल ते बघायला ते शेजारी काम करणाऱ्या वायरमनची शिडी लावून कापसाची गाठोडी ठेवलेल्या माळ्यावर चढले. तेवढ्यात वायरमन आला आणि शिडी खांद्यावर टाकून चालू लागला.

"अहो! शिडी!"

वायरमनने मान वर केली नाही. नियम त्यालाही सांगितलेला होता.

उडी मारावी तर खाली ओळीने मशिनी. फोन करावा तर सरांच्याच हुकमावरून सगळ्यांचे फोन दाराशी टोपलीत ठेवलेले.

"ताई, जरा त्याला हाक मारा ना!"

केंद्र चालवणाऱ्या ताईंनी ओठ घट्ट मिटले आणि शिवण पुढे सरकवली.

"अहो, मी खरंच अडकलोय!"

"आज सर फारच जोर लावतायत," एक बाई शेजारणीला पुटपुटली. "हसू नकोस हं. मागे तू हसलीस आणि सगळं पुन्हा करायला लागलं."

सरांनी आशेने विद्यार्थ्यांकडे बघितलं. कॅमेरावालीने कॅमेरा त्यांच्यावर रोखला होता. "परीक्षा आहे," ती माइकवाल्या मुलाला हळूच म्हणाली. "या वेळी फसायचं नाही." त्याने माइकची काठी आणखी वर केली. गुरुजींचा आक्रोश स्वच्छ यायला हवा ना!

"कट!" सर शेवटी ओरडलेच.

"आयुष्याला कट नसतो, सर," पोरगी नम्रपणे म्हणाली.

टोपलीत सरांचा फोन वाजू लागला. बायकोचाच असणार. वाजून वाजून थांबला. सर गाठोड्यावर मटकन बसले. "माझी मुलगी वाट बघत असेल हो," ते म्हणाले. आवाज खरोखरच कापत होता. दोन-तीन मशिनी मंदावल्या, एकीने डोळ्यांना पदर लावला, पण वर बघायची हिंमत कुणाची होईना.

इतक्यात दोरा संपला म्हणून मावशी आत आली. तिने सवयीने भिंगात बघितलं, भिंग वर रोखलंय म्हणून वर बघितलं.

"सर? वर काय करताय? काही खाल्लंत का?"

"मावशी, शिडी नेली हो वायरमनने!"

मावशी बायकांकडे वळली. "अगं, माणूस रडकुंडीला आलाय, दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय की," ताई म्हणाल्या, "पण दिसायचं नाही ना!"

मावशीने वायरमनला कानाला धरावं तसं शिडीसकट परत आणलं. उतरल्यावर सरांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "उद्यापासून आत बसा, मावशी. कॅमेऱ्यासमोर," एवढं म्हणून ते धावत सुटले.

शाळेच्या सभागृहात सर पोचले तेव्हा नाटक संपत आलं होतं. केसांत, भुवयांत, सदऱ्यावर कापूस. रंगमंचावर कोपऱ्यात झाड उभं होतं, खाली मान घालून. दार वाजलं तशी झाडाने मान वर केली.

"बाबा आले!" झाड ओरडलं आणि दोन्ही फांद्या हलवू लागलं.

सभागृहात हशा पिकला. पडद्याआडून नाटकाच्या बाई दबक्या आवाजात खेकसल्या, "लोकांकडे बघायचं नाही! ते नाहीतच असं समज!"

पण सरांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले. "आहे गं, आहे! मी इथेच आहे!"

मग झाडाने आपलं एकुलतं एक वाक्य सरळ त्यांच्याकडे बघत म्हटलं.